रांगोळीतली पाणंद

"ही रांगोळी म्हणायची व्हय? दारात चार ठिपके काढा म्हणलं तर ह्या पोरींची कंबर मोडती, अन् हितं देवाच्या दारात गटारं काढाय बसल्यात. रंग भरून."

बनुबाई हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून, मांडीवर कापूस घेऊन त्या वाती वळत होत्या, आणि वात वळताना हात जसा आपोआप चालतो तसं त्यांचं तोंड चालत होतं. शेजारी उकिडवी बसलेल्या मंगलला मात्र त्यातला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"गटार न्हाई काकी, कालवा हाय त्यो," मंगल म्हणाली.

"मग निळा घाला की. काळा कशाला?"

"निळा संपला आज्जी," पप्पू म्हणाला. "सोनियानं सगळा सरपंचाच्या दारातल्या नळाला घातला. तिथलं पाणी काय हटंना."

पोरं हसली. बनुबाईंनी वात पुरी केली, ताटलीत ठेवली आणि दुसऱ्या वातीसाठी कापूस ओढला.

मंगलचं शिक्षण आठवीपर्यंत. नवरा फौजेतून सुटला आणि पुण्यात एका सोसायटीच्या दारावर बसला. मंगल गावातच राहिली. पुढचं शिक्षण तिनं मिळेल त्या कागदावर केलं. भडंगाची पुडी संपली की कागद फेकायच्या आधी ती उलगडून वाचायची, तेव्हा घरातले हसायचे. मग सांगलीच्या एका संस्थेचं शिबिर झालं, पुस्तिका आल्या, आणि मंगल दर रविवारी देवळात गावातल्या आठवी ते दहावीच्या पोरांना जमवून माणसाचे हक्क शिकवू लागली. मुलींच्या शाळेजवळच्या अंधाऱ्या वळणावर गेल्या वर्षी दिवा लागला, तो ह्याच पोरांनी ग्रामसभेत मागून आणला. तेव्हापासून गाव त्यांना जरा मानायला लागलं होतं.

संस्थेचे तक्ते चांगले होते. नळ, शाळा, दवाखाना, रस्ता अशी चित्रं, आणि प्रत्येक चित्रातून एक बाण निघालेला. सगळे बाण वरच्या कोपऱ्यातल्या कचेरीकडे जायचे. सुरुवातीला मंगलला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. अलीकडं तक्ता भिंतीला लावताना तिला वाटायचं, एखादा बाण शेजारच्या घराकडं का जात नाही. पण हे कुणाला विचारायचं ते तिला सुचलं नव्हतं. विचारायची हिंमतही झाली नव्हती, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पोरांनी अंगणात गावाचा नकाशा रांगोळीनं काढायचा आणि त्यातलं काय कमी आहे ते सांगून एक ठराव मांडायचा, अशी आता रीत पडली होती. आज त्याची रंगीत तालीम होती. संयोगिता गुडघ्यावर बसून गावाच्या वरच्या अंगाची वाट काढत होती. ती बनुबाईंची नात, दहावीला, आणि हाताला वळण असं की रांगोळीची रेघ दोऱ्यासारखी पडायची. तिनं दोन समांतर पांढऱ्या रेघा ओढल्या, मधे वीतभर जागा सोडून.

"एवढी रुंद?" पप्पू म्हणाला. "त्यातनं काय रणगाडा न्यायचा हाय का?"

"आजोबा सांगत्यात. दोन बैलगाड्या बाजूबाजूनं जायच्या पाणंदीतनं. चाकाला चाक लागायचं न्हाई."

"जायच्या की. आता सायकल गेली तर सायकलीला नारळ-फेटा द्यावा लागतोय."

पोरं हसायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. कुणीतरी खोकलं. सोनियानं विनाकारण हिरव्या रंगाची पिशवी उचलून परत ठेवली.

त्या पाणंदीनं शेवटचं काय गेलं होतं, ते त्या मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गाव कुंडलच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. कालव्याचं पाणी यायच्या आधी वरच्या रानात ज्वारी व्हायची, तीही देवाच्या मर्जीनं. डोंगराच्या पायथ्याला धनगरांची वस्ती. तिथून गावात यायला ही पाणंद. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसाबरोबर जमिनीला भाव आला. दर नांगरटीला अलीकडचा शेतकरी एक सरी आत सरकला, पलीकडचाही एक सरी आत सरकला. कुणी रात्रीत रस्ता चोरला असं झालं नाही. वीस वर्षांत, माणूस म्हातारं होतं तशी पाणंद बारीक होत गेली, आणि शेवटी उसातला एक बांध उरला. अलीकडचं रान बनुबाईंच्या मालकांचं, लालासाहेबतात्यांचं. पलीकडचं मंगलच्या दिराचं. उसाचं बिल आलं की दीर मंगलच्या वाट्याचे पैसे न मागता आणून द्यायचा. माणूस चांगला होता.

श्रावणात, भर दुपारी, वस्तीवरच्या धुळाच्या बायकोला, तानुबाईला, पान लागलं. ह्या भागात साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. गावाची न बोलायची सवय तशी जुनीच. पोरानं, विश्वजितनं, लगेच फोन लावला. कुठला नंबर लावायचा ते त्यानं मंगलच्याच वर्गात पाठ केलं होतं. गाडी आलीही वेळेवर. शाळेपाशी डांबरीवर येऊन उभी राहिली, आणि तिथून पुढं तिला वाट नव्हती. मग घोंगड्यात घालून तानुबाईला बांधावरून आणली. आदल्याच दिवशी दोन्ही रानांना पाणी दिलेलं. माणसं मांडीपर्यंत रुतत होती, उसाची पाती तोंड कापत होती. गडबड ऐकून लालासाहेबतात्या स्वतः मळ्यातून धावले आणि घोंगड्याचा एक कोपरा त्यांनी खांद्यावर घेतला. सत्तरीचा माणूस, धोतर चिखलानं भरलेलं, कपाळावर रक्त. तानुबाई डांबरीपर्यंत पोचली तेव्हा तिची मान पडली होती.

ह्यामुळं तर सगळं अवघड झालं होतं. तात्या घरात बसून राहिले असते, तर गावाला बोलायला तोंड राहिलं असतं.

"ताई," संयोगितानं विचारलं, "नकाशात काय काढायचं? होतं ते, का हाय ते?"

मंगलच्या वहीतला पहिला धडाच हा होता: आहे ते काढा, असावं ते नंतर. चार वर्षांत तिनं तो शंभरदा सांगितला असेल.

"तेवढं राहू दे आत्ता," ती म्हणाली. "आधी शाळा पुरी करा."

"राहू दे," बनुबाई वातीकडं बघत पुटपुटल्या. "राहू दे राहू दे म्हणूनच तर सगळं ऱ्हातंय."

मंगलनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

*

वर्गात श्रावणापासून एक जागा रिकामी होती. विश्वजित यायचा बंद झाला होता. शाळेतही कधी जाई, कधी नाही. दहावीचं वर्ष. दुसऱ्या दिवशी मंगल वस्तीवर निघाली.

बांधावरून जायचं म्हणून तिनं लुगडं वर खोचलं, पण खोचायची गरज पडली नाही. तात्यांचा ऊस तुटला होता. ऊस भरून न्यायला ट्रॅक्टर आत यावा म्हणून दोन्हीकडची सरी मोडून, पाचट अंथरून चांगली ऐसपैस वाट केलेली होती. बरोबर तिथंच, जिथं पाणंद होती. दोन ट्रॉल्या चाकाला चाक न लागता गेल्या असत्या. मंगल त्या वाटेनं चालत गेली. पायाला खडासुद्धा लागला नाही, आणि तिला कधी एकदा ती वाट संपते असं झालं.

धुळा वाघर गुंडाळत होता. मेंढ्या रात्री कोंडायची ती जाळी. ती गुंडाळली म्हणजे मुक्काम हलणार.

"या ताई. बसा," त्यानं पोतं झटकून टाकलं. "च्या करायला घरात कुणी न्हाई. आई मेंढरांकडं गेलीया."

"च्या नको. कुठं निघालाय?"

"खाली. कोकणाच्या अंगाला. लय वर्सं जायचं सोडलं हुतं. औंदा जावं म्हणतोय."

"अन् तात्यांच्या रानात मेंढ्या बसवायच्या न्हाईत? दरसाल ऊस तुटला की बसवता की."

दरवर्षी खताला म्हणून मेंढ्या रानात बसायच्या, आणि त्या बदल्यात तात्यांकडून धान्य यायचं. तात्यांचं माप भरून असायचं, ते धुळा स्वतः चारचौघांत सांगायचा.

"बोलावणं आलतं," धुळा म्हणाला. "मेंढरं गाभण हाईत, जमायचं न्हाई म्हणून सांगितलं."

"हाईत का गाभण?"

धुळानं जाळीची गाठ ओढली. "तात्या माणूस देवागत हाय. म्हातारपणी खांदा दिला त्यानी. म्या कशाला खोटं बोलू. वेळ आलती, गेली ती. नशीब."

विश्वजित मागं कोकराला पाला घालत बसला होता. त्याच्या शेजारी खताचं रिकामं पोतं होतं आणि त्यात दहावीची पुस्तकं भरलेली. वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारं हे पोर. एकदा त्यानं सांगलीहून आलेल्या साहेबांना विचारलं होतं, तुमच्या तक्त्यातल्या बाईच्या डोक्यावर हंडा आहे आणि बाप्या मोकळ्या हातानं का चाललाय. साहेब त्यानंतर आलेच नाहीत.

"विश्वा, परवा ग्रामसभा हाय," मंगल म्हणाली. "पाणंदीचा ठराव घेतोय आपण. तू मांडायचा."

"संयोगिता मांडंल. तिचं अक्षर बी चांगलं हाय."

"अक्षराचं काय करायचंय. तुझी..." मंगल अडखळली. "तुझ्या वस्तीचा प्रश्न हाय."

त्यानं कोकराच्या तोंडातली काडी सोडवली. बोलला तेव्हा आवाज चढला नव्हता.

"ताई, तुमीच शिकवलं. आधी काय झालं ते सांगायचं. मग कुणामुळं झालं ते. मग मागायचं. तुमी एकदम मागायलाच बसलाय."

मंगलनं खोचलेलं लुगडं सोडून नीट केलं.

"पाच म्हैनं झालं. गावात गेलं की सगळी माझ्या डोस्क्यावरनं हात फिरवत्यात. कुणी म्हणतंय वेळ आलती. कुणी म्हणतंय दवाखान्यात औषध मिळालं नसतं. आमचे आबा म्हणत्यात नशीब. एकानं म्हणू दे की, गावात, सगळ्यांच्या म्होरं. मला रस्ता बी नको. मी परीक्षेला बसतो, हितंच आज्जीसंगं ऱ्हातो. न्हाईतर मला त्या शाळेच्या दारात, जिथं गाडी हुबी हुती, तिथनं आत पाय घालवत न्हाई."

"तू म्हण की मग."

"मी म्हणलं तर पोरगं आईच्या दुःखानं बोलतंय म्हणतील. अन् आबांना पुढल्या साली त्याच रानात जायचं हाय."

धुळा पाठमोरा होता. वाघरीची गाठ केव्हाच बसली होती, तरी तो ती ओढत होता.

परत येताना मंगलनं मनाशी पक्कं केलं, की ठरावात सगळं लिहायचं. चुलीपाशी बसून तिनं दोन ओळी लिहिल्याही. तेवढ्यात दीर आला, वहिनी म्हणून हाक मारली, उंबऱ्यावर शेंगांची पिशवी ठेवली आणि गेला. मंगलनं त्या दोन ओळी वाचल्या. मग कागद चुलीत घातला आणि दुसरा घेतला.

*

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांना जिलबी वाटून झाली, आणि माणसं देवळापुढच्या अंगणात सतरंजीवर बसली. मधे नकाशा. निळा रंग ह्या वेळी पुरेसा आणला होता, त्यामुळं कालवा कालव्यासारखा दिसत होता. वरच्या अंगाला हिरवा ऊस, आणि त्यातून संयोगितानं ओढलेल्या दोन ठसठशीत पांढऱ्या रेघा, मधे वीतभर जागा. काल मंगलनंच सांगितलं होतं, काढ तशीच, छान दिसती.

बनुबाई बायकांत पुढं बसल्या होत्या, ताटली घेऊन. ग्रामसभेतसुद्धा त्यांच्या वाती थांबत नसत.

धुळा आणि विश्वजित अगदी मागं, पिंपळाच्या पाराशी उभे होते. रस्त्याच्या कडेला मेंढ्या थांबलेल्या दिसत होत्या, आणि घोड्यावर संसार लादलेला. जाता जाता थांबावं तसे ते थांबले होते. मंगलला विश्वजित दिसला आणि तिनं हातातला कागद घाईनं संयोगिताकडं दिला.

संयोगितानं ठराव वाचला. "डोंगराकडच्या वस्तीला बारमाही रस्ता नसल्यामुळे तेथील नागरिकांची गैरसोय होते. तरी शासनाने पाणंद रस्ता करून द्यावा, अशी ही सभा विनंती करते."

वाचताना ती एकदा थांबली. सकाळी तिनं मंगलला विचारलं होतं, शासनानं नेलीय का ती, शासनाकडं मागायला? मंगल म्हणाली होती, असंच लिहायचं असतं बाळा.

"सूचक?" ग्रामसेवकांनी विचारलं.

पप्पूच्या वडिलांनी हात वर केला.

"अनुमोदक?"

लालासाहेबतात्या उठले. पांढरा फेटा, कपाळावर श्रावणातला व्रण अजून दिसत होता. "माझं अनुमोदन," ते म्हणाले. "वस्तीवरची माणसं आपलीच हाईत. रस्ता झालाच पायजे. मी आमदारांकडं स्वतः येतो."

टाळ्या झाल्या. मनापासून झाल्या. मंगलनंही वाजवल्या, हात आपोआप वाजले. ग्रामसेवकांनी 'सर्वानुमते' असं लिहून पान उलटलं.

"मला एक इचारायचं हाय."

विश्वजित पारापासून चार पावलं पुढं आला होता.

"बोल की बाळ," सरपंच म्हणाले.

"ह्यात गैरसोय लिव्हलंय. माझी आई कशानं गेली, ते ह्यात न्हाई."

बायकांतल्या एकीनं पदर तोंडाला लावला. "पान लागलं रं बाळा," कुणीतरी हळू म्हणालं. "वेळच तशी हुती," दुसरं म्हणालं. "आता त्याचं काय करायचं गड्या, झालं ते झालं. तू शिक, मोठा हो." सरपंचांनी मान हलवली. तात्या उभेच होते. बसावं की उभं राहावं हे त्यांना ठरवता येईना, आणि ते नकाशाकडं बघायला लागले.

विश्वजित ह्यातल्या कुणाकडंही बघत नव्हता. तो मंगलकडं बघत होता.

तिला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. चार वर्षं तिनं पोरांना उभं राहायला, पोटातून आवाज काढायला शिकवलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि पुरुषांच्या ओळीत बसलेला दीर तिला दिसला. तो तिच्याकडं काळजीनं बघत होता, वहिनीला बरं वाटेना की काय अशा नजरेनं.

मंगलनं तोंड मिटलं.

"चल," धुळानं मागून येऊन पोराचा दंड धरला. "चल विश्वा. मेंढरं खोळंबल्यात. तात्या, येतो आमी. काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला."

विश्वजितनं मंगलवरची नजर काढली. राग असता तर तिला सोसला असता. त्यानं नुसती काढली, जशी आपण ओळख न पटलेल्या माणसावरून काढतो, आणि तो वळला.

ताटली वाजली. बनुबाई उठत होत्या. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर, आणि मांडीवरचा कापूस अंगणभर उडत होता. कुणीतरी आधाराला हात दिला तो त्यांनी घेतला नाही. दर वर्षी ज्याच्या कडेनं गाव जपून चालत असे त्या नकाशावर त्या सरळ चालत गेल्या. कालव्यावर पाय पडला, शाळेवर पडला.

"आज्जी, रांगोळी," संयोगिता म्हणाली.

"दिसती मला."

त्या उसापाशी वाकल्या आणि वातींच्या हातानं दोन पांढऱ्या रेघा पुसून टाकल्या. हिरवा रंग फिसकटून एक झाला. तिथं वाट उरली नाही.

"हे असं हाय," त्या म्हणाल्या. "असं काढा."

"अगं..." तात्यांनी सुरुवात केली.

बनुबाईंनी मालकांकडं पाहिलं नाही. आवाजही वाढवला नाही. वाती वळताना पुटपुटायच्या, तोच आवाज. पण सगळं अंगण आता त्यांच्या शेजारी बसल्यासारखं ऐकत होतं.

"धुळा, थांब जरा. पोराला थांबव. म्या त्या दिवशी मळ्यात हुते. डांबरीवर गाडी हुबी हुती, ती मला दिसत हुती. तिथनं वस्तीवर गाडी यायला किती येळ लागतोय? वात वळून हुईस्तवर आली असती. पाणंद ह्यांनी नांगरली अलीकडनं. पलीकडनं ह्या मंगलच्या दिरानं. दरसाल एक सरी. म्या न्याऱ्या घिऊन जायाची, म्या बघितलंय. साखर खाल्ली सगळ्यांनी मिळून." त्यांनी हाताला लागलेला हिरवा रंग पदराला पुसला आणि पोराकडं वर पाहिलं.

"तुझी आई पान लागून न्हाई गेली, विश्वा. तिला आमी मारली."